मोहन्याची माती आधी तपासा: पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

कल्याणच्या पुढे, कसारा लाइनवर, उल्हास नदीच्या काठी मोहने गाव आहे. गावाला लागूनच एनआरसीची, म्हणजे रेयॉनचा धागा बनवणाऱ्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनची शेकडो एकर जमीन. 2009 साली कंपनीला टाळे लागले आणि कामगार देशोधडीला लागले. पुढे प्रकरण दिवाळखोरीत गेले, जमिनीला नवा मालक मिळाला. सप्टेंबर 2025 मध्ये इथे वर्षाला 60 लाख टन सिमेंट दळण्याच्या कारखान्यासाठी जनसुनावणी झाली आणि आसपासच्या गावांनी कडाडून विरोध केला. त्याच महिन्यात केंद्राने एक मसुदा काढला. स्वतःचा वीजप्रकल्प नसलेल्या स्वतंत्र सिमेंट ग्राइंडिंग युनिटना, म्हणजे नुसते सिमेंट दळणाऱ्या कारखान्यांना, पर्यावरणाच्या पूर्वमंजुरीतून वगळावे, असा तो प्रस्ताव. मंजुरीच लागणार नसेल तर जनसुनावणीही होणार नाही. मग वडवली, अटाळी, बल्याणीच्या माणसाने बोलायचे कुठे?

या जमिनीवर काय उभे राहावे याबद्दल माझे मत आहेच: दाट वस्तीत, पिण्याच्या पाण्याच्या तोंडाशी क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला कच्चा माल) आणि फ्लाय अॅश (कोळशाची राख) नको. पण त्याआधीचा एक प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि त्याच्यासाठी हे पत्र आहे. त्या मातीत आज काय आहे?

रेयॉनचा धागा लाकडाच्या लगद्यापासून निघतो. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून पुन्हा सोड्यात विरघळवतात आणि सल्फ्युरिक आम्ल व झिंक सल्फेटच्या हौदात त्याचा धागा ओढतात. कार्बन डायसल्फाइड उडून जातो, झिंक म्हणजे जस्त मात्र गाळात बसते. पाऱ्याचे तर त्याहून वाईट. जुन्या पद्धतीने कॉस्टिक सोडा बनवताना पारा लागे, आणि शेजारच्या आंबिवलीजवळ काळू नदीत सापडलेल्या पाऱ्यावर संशोधकांनी काही दशकांपूर्वीच लिहून ठेवले आहे. पारा कुजत नाही. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशात जातो आणि माशातून ताटात येतो. अशा जमिनीत पायासाठी खोदकाम केले की निघालेली माती कुठल्या डंपरने कुठे जाणार, ती कुणाच्या भरावाला वापरणार, हे आज कोणाला ठाऊक आहे?

आणि समोर नदी आहे. मोहन्याच्या बंधाऱ्यावर मे महिन्यात उभे राहून बघा. पाणी दिसत नाही, हिरवीगार जलपर्णी दिसते. एक झुडूप उपटले की हातभर लांब काळी मुळे बाहेर येतात, त्यांना चिकटलेला चिखल बोटांना तेलकट लागतो आणि वास धुऊनही जात नाही. याच भागातून कल्याण-डोंबिवलीच्या पिण्याचे पाणी उचलले जाते.

पावसाळ्यात हीच नदी पात्र सोडते. 2005 चा पूर कल्याणकर विसरलेले नाहीत. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस याच उल्हासच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. म्हणून या जमिनीवर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते त्या सरकारी रेषा, प्रत्यक्ष खांब रोवून दाखवा. नकाशावरची रेघ भरावाखाली कधी जाते ते कळतही नाही.

मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले हे तुमच्या खात्याला माहीत आहे. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक. 2001 मध्ये ती वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेपुरती उरली, बांधकामाखालची जमीन त्यातून निसटली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकलाही. मैदाने गेली ती परत आली नाहीत. मोहन्यात तसे होऊ द्यायचे नसेल तर नदीलगतचा पट्टा सार्वजनिक म्हणून विकास आराखड्यात आत्ताच आरक्षित करावा लागेल. तिथे झाडे, घाट आणि चालायची वाट हवी. नाल्यांचे सांडपाणी नदीत पडण्याआधी शुद्ध करायची सोयही तिथेच करता येईल.

केंद्राचा मसुदा पुढे काहीही होवो, जल कायदा 1974 खाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागतेच. ती तुमच्या हातात आहे. माती, भूजल आणि नदीतला गाळ यांची स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासणी झाल्याशिवाय आणि सफाईचा खर्च जमीनमालकाने उचलल्याशिवाय ती देऊ नका. मातीचे नमुने घेताना जुन्या कामगारांना सोबत घ्या. कुठला हौद कुठे होता, कुठली गटारे कुठे फुटत होती, हे त्यांच्याइतके कोणत्याही सल्लागार कंपनीला माहीत नाही. त्यांची थकीत देणीही याच जमिनीच्या व्यवहाराशी बांधलेली आहेत, ती चुकती झाल्याखेरीज नव्या बांधकामाला हिरवा कंदील दाखवू नये.

तपासणीचा अहवाल मराठीत, मोहन्याच्या प्रभाग कार्यालयाबाहेर लावावा, आणि तो वाचून झाल्यावर गावांची पुन्हा एकदा सुनावणी घ्यावी, ही विनंती.

आपला,
उल्हासचे पाणी पिणारा एक कल्याणकर