बोई मासळीच्या पोटात आमच्या नाल्याचं प्लास्टिक : पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय पर्यावरणमंत्री, गुजरात राज्य,
सादर नमस्कार.

परवा मोबाईलवर मेसेज आला, तुमच्या तक्रारीचा निकाल झाला म्हणून. तक्रार एवढीच होती की बडोद्यातला आमचा नाला विश्वामित्री नदीत पडतो तिथे जाळी लावा. तशीच चप्पल घालून बघायला गेले. जाळी नाही, साधा खांबसुद्धा रोवलेला नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर साहेब लोक सोसायटीत आले होते, दिवाळीपर्यंत जाळी लागेल असा शब्द सगळ्यांसमोर दिला होता.

त्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं साहेब. फ्रिज गेला, आईच्या लग्नातला शालू गेला, बाबांच्या औषधांचा डबा तरंगत अंगणात गेला, दोन रात्री आम्ही गच्चीवर काढल्या आणि खाली मगर आली की काय या भीतीने कोणी झोपलं नाही. पाणी उतरल्यावर काठच्या झाडांना शेंड्यापर्यंत पिशव्या. जे झाडांना अडकलं नाही ते कुठे गेलं, हे कुणी विचारलंच नाही.

ते पुढे ढाढर नदीतून खंभातच्या आखातात गेलं. तिथे भरती-ओहोटी इतकी जोराची की पाणी कायम गढूळ. उन्हाने आणि घासून पिशवीचे 5 मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे होतात, त्यात आपल्या पॉलिएस्टर कपड्यांचे धुतलेले धागे मिसळतात आणि खाडीत हे सगळं गाळाबरोबर खाली बसतं. बोई तोच गाळ खाते. वरचा शेवाळाचा पातळ थर तोंडात घ्यायचा, कल्ल्यांनी गाळायचा, जाड ते थुंकायचं, हीच तिची जेवायची रीत. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती? वर प्लास्टिकवर जंतूंचा थर चढला की त्याला खाण्यासारखा वास येतो. ती निवडणार कशी? पोट भरतं, अंगी काही लागत नाही, आणि बोईची पिल्लं तर खाडीतच वाढतात.

मागच्या महिन्यात मी बोई साफ केली. तिचं पोट कोंबडीच्या पेट्यासारखं जाड असतं, चिरलं तर चिखलात निळे धागे, मी मोजले, अकरा की बारा. हे नुसतं डोळ्याला दिसलेलं. आईला ताटात काय वाढू?

1 जुलै 2022 ला एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली, त्याच वर्षअखेर पिशवी कमीत कमी 120 मायक्रॉन जाडीची हवी असा नियम आला. आमच्या बाजारात आजही कागदासारख्या पातळ पिशव्या मिळतात. दंड होतो भाजीवाल्या मावशीला, तिची दिवसाची कमाई जाते, पिशवी बनवणाऱ्याच्या दारात मात्र कोणी जात नाही, आणि तक्रार केली की ती आमच्यासारख्यांना न विचारता बंद होते. टॅक्स भरायला एक दिवस उशीर झाला तर तुमची यंत्रणा आम्हाला लगेच शोधते ना?

खाडीत एकदा पसरलं की तो चुरा कोणी वेचू शकत नाही. अडवायचं ते इथे, नाल्याच्या तोंडाशी, पिशवी अख्खी असताना. माझी तक्रार परत उघडा आणि पावसाळ्याआधीची तारीख लेखी द्या.

दांडिया बाजारची एक बडोदेकर