लाइटवाल्या काकांना, उशिरा का होईना

काका, नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेआधी महापालिकेच्या नाट्यगृहात आम्ही एक प्रयोग लावला होता. दुसऱ्या घंटेला ज्यांच्या भाड्याच्या डिमरमधून जळका वास सुटला, तो हौशी संघ आमचा.

आमचा लाइटवाला पोरगा रडकुंडीला आला होता. तुम्ही शर्टाच्या खिशातून टेस्टर काढलात, दोन वायरी हुंगल्यात आणि म्हणालात, "हा गेला. ह्याच्या नादाला लागू नका." मग आमचे दिवे हॉलच्या बोर्डावर घेऊन स्वतःच बसलात. ना संहिता वाचलेली, ना तालीम पाहिलेली. "अंधार कुठे करायचा, तेवढं सांगा." दुसऱ्या अंकात म्हातारा एकटा उरतो, तिथे तुम्ही उजेड इतका सावकाश उतरवलात की विंगेतला मी माझी एंट्रीच विसरलो. (दिग्दर्शिका अजून ऐकवते.)

नंतर पाकीट पुढे केलं, तर म्हणालात, "पगार घेतो की पालिकेचा. चहा सांगा."

हे वाक्य मी आमच्या मेहुण्यांसाठी जपून ठेवलंय. त्यांचं ठरलेलं पालुपद: रस्त्यांत खड्डे, गोदावरीत सांडपाणी, आणि पालिका नाटकवाल्यांना एसी लावून देते! इतके दिवस मी गप्प बसायचो, कारण खड्डे खरेच आहेत. आता तुमच्याबद्दल सांगतो. हॉलचं पुरतं भाडं, वीज, तुमच्यासारख्यांचे पगार सगळं आमच्या तिकिटावर चढलं, तर आमचं नाटक बघायला फक्त आमचे नातेवाईक उरतील. तेही पासवर.

मेहुणे हार मानणारे नव्हेत. म्हणाले, "आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके! त्यांना कुठे होतं अनुदान?" नव्हतंच. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा कुठे 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. 1944 मध्ये ते इथे नाशकातच वारले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार 1969 पासूनचा, म्हणजे पंचवीस वर्षांनी. मी एवढंच विचारलं, "ताईच्या बांगड्या देता का आमच्या पुढच्या नाटकाला?" ताई आतून हसली. मेहुण्यांनी विषय बदलला.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने. महोत्सवाच्या नावाखाली कमानींवर, पुढाऱ्यांच्या फोटोंवर आणि हारतुऱ्यांवर जो पैसा उडतो, तो खुशाल कापा. हॉलचे दिवे, तालमीला जागा आणि ते दिवे कळणारा माणूस, एवढ्यावर खर्च करा. तुम्ही रिटायर झालात की त्या बोर्डावर कोण बसणार, ही धास्ती मला आत्तापासूनच आहे.

असो. आभार मानायचे राहिले होते, ते मानतो. आणि हो, त्या गडबडीत तुमचा टेस्टर आमच्या मेकअपच्या पेटीत आला. पिवळ्या मुठीचा. शनिवारी आणून देतो, चहा माझ्याकडून.