टेबलाच्या डोक्याकडची बाजू

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की बाबा लगेच "अगं पण सर्जरी का नाही घेतलीस" वर येतात आणि विषय तिथंच अडकतो, म्हणून लिहितेय. आणि बाबा, भेटेल त्याला पोरगी सर्जन होतेय म्हणून सांगता ना, ते प्लीज बंद करा आता :) मी अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे भूल द्यायचा विषय घेतलाय, आणि मार्क कमी पडले म्हणून नाही, हवंच होतं म्हणून.

लहानपणी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हापासून डॉक्टर व्हायचं डोक्यात बसलं हे खरंय, पण तुम्हाला वाटतं सर्जनकडे बघून. अहो, त्यांचा चेहराही मला आठवत नाही! आठवतात त्या भुलीच्या मॅडम. तुम्ही दोघं बाहेर, मी आत टेबलावर कुडकुडतेय, बोटाला चिमटा लावलेला आणि मशीनचं टुक टुक चालू, मला वाटलं हे थांबलं की आपण संपलो, तसं मी विचारलंसुद्धा. त्या हसल्या नाहीत, नुसतं "घाबरू नको" पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, एक टुक म्हणजे तुझा एक ठोका, आणि ऑक्सिजन कमी झाला ना की आवाजाची पट्टी खाली उतरते, त्यामुळे मला स्क्रीनकडे बघायच्या आधीच कळतं, मी तुझ्या डोक्याशी बसून तेच ऐकणार आहे. एवढ्याशा पोरीला कोण एवढं सांगतं?

तो चिमटा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, कोविडमध्ये बाबा उठसूट बोटाला लावून बसायचे तोच. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ च्या सुमारास त्यामागची युक्ती शोधली, त्याआधी भूल देणारे ओठ-नखं निळी पडतायत का हे बघत बसायचे, आणि निळं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता पेशंट होऊन गेलं की माणूस आपोआप चांगला डॉक्टर होतो असं काही नाही हां, फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, सगळ्यांना तेवढीच घोकावी लागते. पण काही गोष्टी अंगावरून गेल्याशिवाय सुचत नाहीत. शुद्धीवर आल्यावर माझा घसा एवढा दुखत होता की मला वाटलं पोटाऐवजी गळाच कापला की काय! श्वासनलिकेत नळी घालतात त्याने दुखतो, एकदोन दिवसात जातो, पण आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी आता नळी घालायची असेल त्या प्रत्येकाला आधीच सांगते, सिनियर कितीही घाई करूदेत.

आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तुला नाव काय, कुठला गुडघा, हे परत परत विचारतील, तेव्हा "यांना एवढंही माहीत नाही" म्हणून वैतागू नको, २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चेकलिस्टच काढलीये त्याची. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि ती हलणारी दाढ भुलीच्या डॉक्टरांना दाखव, लपवू नको, नळी घालायची वेळ आली तर दाढ तुटून आत जाऊ शकते. बाबा, सगळ्या गोळ्यांची यादी करा, त्या काढ्यासकट.

रविवारी फोन करते, स्पीकरवर ठेवा.

तुमची,
भूलवाली पोरगी