आज्जीचा अडकित्ता

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला, पण याला दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून पत्रच लिहायला घेतलं, चहा घेऊन बस. आज्जीचा अडकित्ता विकायचा, म्युझियमला द्यायचा की दादा अमेरिकेला नेतोय तर नेऊ द्यायचा, असं तू विचारलंयस.

अमेरिकेचं आधी डोक्यातून काढ. १९७२चा कायदा आहे आपल्याकडे, शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी. आणि आज्जीच सांगायची ना की हा तिच्या सासूच्या सासूचा, मग कर हिशोब. दादा म्हणेल अडकित्त्याला कोण विचारतंय, म्हणू दे.

जुन्या बाजारातल्या त्या माणसाने दोन हजार सांगितले म्हणतोस, पण आठवून बघ, त्याने आधी तराजूत टाकला असेल. म्हणजे त्याने पितळेचा भाव सांगितला आणि वर तुझं तोंड बघून थोडे वाढवले. त्याचीही चूक नाही म्हणा, त्याला काय माहीत या अडकित्त्यामागे कोण आहे.

काल मुद्दाम तुझ्यासाठी बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर म्युझियममध्ये जाऊन आलो. शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा आपलं सगळं लक्ष डब्याकडे, आता नीट बघितलं. आपण दोघं लहानपणी समजायचो की हा कुणी राजा होता, आठवतंय? राजा हे केळकरांच्या मुलाचं नाव, तो लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हे सगळं उभं राहिलं. केळकर स्वतः कवी, अज्ञातवासी नावाने लिहायचे. १९२०च्या आसपास गोळा करायला लागले ते जन्मभर, वाडे पडत होते, लोक जुनी भांडी मोडीत घालत होते आणि हा माणूस दिवे, दौती, कंगवे, पाय घासायच्या वज्र्‍या, दरवाजे असलं घरी आणत होता. बायको कमलाबाई कायम बरोबर. मला तर त्या बाईंचंच कौतुक वाटतं, आमच्या घरी मी एक जुना कंदील आणला तर आठ दिवस बोलणी खातोय. मस्तानीचा कोथरूडचा महाल मोडकळीला आला होता, त्याचं होतं नव्हतं ते आणून तिथं परत उभं केलंय. वीस हजारांच्या वर वस्तू आणि १९७५ला सगळं सरकारला देऊन टाकलं. बाजारात विकलं असतं तर पिढ्यांनी बसून खाल्लं असतं रे.

पण मांडलेल्या वस्तू अडीच हजारांच्या आसपास, बाकी सगळं आत. जगभर हेच आहे, जागाच नसते. म्हणजे तू अडकित्ता दिलास तर तो दिसेलच असं नाही, कदाचित कपाटात नंबर लावून पडून राहील. आणि दिसला तरी काय, एका म्युझियममध्ये (नाव नको) मी पाटी वाचली होती, अडकित्ता, पितळ, एकोणिसावं शतक. बस, संपलं. कुणाचा, कुठल्या घरातला, काही नाही.

चित्रकार हुसेनच्या त्या ग्रामयात्रा चित्राचं ऐकलंस का? पंढरपुरात जन्मलेला माणूस, १९५४ला जवळजवळ चौदा फुटी चित्र काढतो, नॉर्वेचा एक डॉक्टर ते विकत घेतो आणि मग ते ऑस्लोच्या हॉस्पिटलमध्ये कितीतरी वर्षं टांगलेलं, आपल्यापैकी कुणी बघितलेलं नाही. २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लिलावात गेलं ११८ कोटींच्या आसपास. चित्र तेच, रंग तेच, हॉस्पिटलच्या भिंतीवर होतं तेव्हाही ते तेवढंच चांगलं होतं ना? फरक पडला तो कुणी काढलं, कधी, कुणाकडून कुणाकडे गेलं हे सगळं कागदावर होतं म्हणून. आता तुझ्या अडकित्त्याला कुणी कोटी देणार नाही, उगाच स्वप्नं बघू नकोस, पण मुद्दा तोच आहे.

अडकित्त्याच्या वरच्या दांडीवर पोपट आहे बघ, त्याची चोच झिजून पार गुळगुळीत झालीये. का, माहितेय? आज्जीचा अंगठा तिथंच टेकायचा. दुपारी ओसरीवर बसून सुपारी कातरायची, कट्ट कट्ट आवाज यायचा आणि आपण खांडं पळवायचो. खिळा पण मूळचा नाही, तांबट आळीत बदलून आणला होता, मीच गेलो होतो तिच्याबरोबर आणि त्याने आठ आणे जास्त मागितले म्हणून केवढी भांडली होती ती. हे कुठल्याच पाटीवर येणार नाही, कारण ते आता फक्त तुला न् मला माहितेय.

म्हणून सध्या विकू नको आणि देऊही नको. आधी आत्याला फोन लाव, तिला आज्जीच्या सासूचं नाव आणि माहेर आठवत असेल, तिचंही वय झालंय, या रविवारीच लाव. वहीत लिही, फोटो काढ, चोचीचा जवळून. मग द्यायचाच असेल तर ते कागदही बरोबर दे, मी येतो तुझ्यासोबत.

आणि वहिनींना सांग, पितांबरी लावून घासायचा नाही. तो काळपटपणा राहू दे.

तुझाच,
बंड्या