रांजणगावची गाडी आणि पुण्याचे गतिरोधक

महोदय,

फियाटच्या रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेली आणि २०१५ साली बाजारात आलेली अबार्थ पुंटो मी वापरतो. एवढ्याशा हॅचबॅकमध्ये १४५ अश्वशक्तीचे १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन बसवलेले असल्यामुळे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा दोन हजारांच्या पुढे सरकला की गाडी जी उसळी घेते, ती अनुभवण्याइतका मोकळा रस्ता आता भल्या पहाटेच मिळतो. तक्रार त्याबद्दल नाही. खरी अडचण गतिरोधकांची आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात सोसायट्यांच्या आणि शाळांच्या दारात डांबराचे अरुंद, उभट उंचवटे रातोरात उगवतात, त्यांवर ना पांढरे पट्टे असतात ना अलीकडे सूचनाफलक, आणि जमिनीलगत बसणारी ही गाडी कितीही तिरकी करून नेली तरी पोट खरवडल्याचा आवाज येतोच. (दुचाकीस्वारांच्या मणक्याचे काय होत असेल, ते वेगळेच.) महापालिकेने नवे गतिरोधक घालण्यापूर्वी निदान जुन्यांची उंची मोजावी आणि त्यांवर रंगाचा एक हात फिरवावा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे