झाडांच्या हिशेबात न बसणारी माळराने: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: देशाच्या निसर्गाच्या हिशेबात माळरानांची स्वतंत्र नोंद व्हावी, याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

सामान्य भारतीयाचा पृथ्वीवरचा भार फार कमी आहे, असे आपले सरकार आंतरराष्ट्रीय परिषदांत नेहमी सांगते आणि ते खरेही आहे. ‘ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क’च्या मापनानुसार जगातील माणसाचा सरासरी पर्यावरणीय पाऊलठसा, म्हणजे त्याच्या वापराची गरज भागवायला लागणारी जमीन आणि पाणी, अडीच जागतिक हेक्टरांच्या (जगाच्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरांच्या) आसपास आहे, तर भारतीयाचा साधारण एक जागतिक हेक्टर. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू आपण क्वचितच सांगतो. आपल्या जमिनीची आणि पाण्याची दरवर्षी नव्याने देण्याची क्षमता दरडोई अर्ध्या जागतिक हेक्टरापेक्षाही कमी आहे, म्हणजे ती जेवढे देऊ शकते त्याच्या दुपटीहून अधिक देश मागतो आहे.

एवढ्यावर चित्र पूर्ण होत नाही, कारण ही क्षमता उत्पादनावरून मोजली जाते, प्रकृतीवरून नव्हे. पंजाबात वर्षभरात जेवढे भूजल उपसण्याजोगे असते त्याच्या १५० टक्क्यांहून अधिक उपसले जाते, हे केंद्रीय भूजल मंडळच सांगते. तरीही तिथे भाताचे पीक भरघोस येत आहे तोवर ती जमीन या मापनात सक्षमच दिसते. म्हणूनच पाऊलठशाच्या आकड्याशेजारी परिसंस्थांच्या प्रकृतीचा वेगळा अहवाल ठेवावा लागतो, आणि तसा अहवाल म्हणून आपल्या हाती आज प्रामुख्याने भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा वनस्थिती अहवालच आहे.

त्या अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर वने आणि वृक्षाच्छादन आहे. १९८८ च्या वननीतीने ठरवलेल्या एक-तृतीयांशाकडे आपण सरकत आहोत, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर किमान १० टक्के छत्र (झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला भाग) असेल, तर मालकी, वापर आणि झाडाची जात न पाहता ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. त्यामुळे आमराई, रबराची लागवड आणि सह्याद्रीतले सदाहरित रान एकाच बेरजेत येतात. ग्रेट निकोबारवरील सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी वळते करताना भरपाईची झाडे हरियाणात लावण्याचे ठरले, तेही याच बेरजेच्या तर्काने.

ज्या जमिनीवर मुळात झाडे असणे अपेक्षितच नाही, तिची या हिशेबात सर्वाधिक आबाळ होते. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातील माळराने ही कुणी तोडलेल्या जंगलाची उरलेली जागा नव्हे. उथळ माती, तुटपुंजा पाऊस आणि शतकानुशतकांची चराई यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवते आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठवतात, जिथे वणवा सहसा पोहोचत नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि चंडोल यांना उघडी जमीनच हवी असते. धनगरांच्या मेंढ्यांनाही तीच हवी असते. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात अभयारण्य झाले, पण आज तिथे हा पक्षी दिसणे हीच बातमी ठरते. देशभरात मिळून तो दीडशेही उरलेला नाही. आणि तरीही सरकारी दप्तरात यातील कितीतरी जमीन ‘पडीक’ आहे. भूसंसाधन विभागाच्या २०१९ च्या नकाशासंग्रहाने देशाचा सुमारे १७ टक्के भूभाग पडीक ठरवला आणि त्यात झुडपी जमिनी व खालावलेली चराऊ कुरणेही धरली. तो विभाग आपल्या मंत्रालयाचा नाही, हे मान्य. परंतु त्या वर्गवारीचा आधार घेऊन माळावर खड्डे खणले जातात आणि गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) रोपे लावली जातात, तेव्हा वनखाते सहसा अग्रभागी असते.

झाडे लावणाऱ्यांना त्याबद्दल श्रेयगुण देणारी हरित श्रेय (ग्रीन क्रेडिट) योजना मात्र पूर्णपणे आपल्या मंत्रालयाची आहे. फेब्रुवारी २०२४ च्या तिच्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडे अपेक्षित होती आणि विरळ वनांसोबत झुडपी व पडीक जमिनीही लागवडीस पात्र होत्या. टीकेनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले. आता झाडे जगल्याचा पुरावा आणि पाच वर्षांनी ४० टक्के छत्र लागते. वनासाठी ही सुधारणा योग्यच म्हणावी लागेल, पण माळरानासाठी ती आधीपेक्षाही घातक आहे, कारण जिथे आधी रोपे मरून निदान गवत परत येत असे, तिथे आता सावली पडेपर्यंत झाडे जगवण्याला बक्षीस आहे.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी, की नैसर्गिक माळराने आणि झुडपी परिसंस्था या योजनेतील वृक्षलागवडीतून स्पष्ट शब्दांत वगळाव्यात आणि तिथे गवताच्या जाती, मातीतील कार्बन व पक्षी-प्राण्यांचा वावर यांवरून श्रेय ठरवावे. पुढील वनस्थिती अहवालात या परिसंस्थांना स्वतंत्र प्रकरण आणि स्वतंत्र क्षेत्रफळ मिळावे. सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून ‘एन्व्हीस्टॅट्स इंडिया’ हा पर्यावरणविषयक आकडेवारीचा अहवाल प्रसिद्ध करत आहे, त्यामुळे देशाचा पाऊलठसा आणि परिसंस्थांची स्थिती एकत्र मांडण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या जागतिक जैवविविधता परिषदेत आपण खालावलेल्या परिसंस्थांपैकी ३० टक्के परिसंस्थांचे पुनरुज्जीवन २०३० पर्यंत सुरू करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. त्या ३० टक्क्यांत माळरानांचा वाटा किती आणि तो कोणत्या निकषावर मोजला जाणार, हे आपण संसदेच्या येत्या अधिवेशनात लेखी निवेदनाद्वारे स्पष्ट करावे.

आपला नम्र,
सोलापूर जिल्ह्यातील एक नागरिक