आबांना न सांगितलेले

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

वॉर्डातील आजोबांना कर्करोगाचे निदान कळू देऊ नका, अशी त्यांच्या मुलाने हात जोडून विनंती केली आणि तू निरुत्तर झालीस, हे तुझ्या पत्रात वाचले. तो मुलगा मला परका वाटला नाही, कारण तू पहिलीत होतीस तेव्हा मीही डॉक्टरांपुढे असेच हात जोडले होते.

आबांचा जठराचा कर्करोग ध्यानात आला तोवर फार पसरला होता. आम्ही त्यांना ‘अल्सर आहे’ असे सांगितले, रिपोर्टांची फाइल माळ्यावरच्या घंगाळात दडवली आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावले. “अल्सरला एवढी इंजेक्शने लागतात होय रे?” असे ते विचारीत, आणि मी हातातले मोसंबे सोलत, वर न पाहता, ‘लागतात’ म्हणे. बांधाच्या वादावरून अबोला धरलेल्या धाकट्या भावाला बरे वाटल्यावर दिवाळीला बोलावू, असे ते म्हणत राहिले. ते दसऱ्याआधीच गेले.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लुटारूंना लपलेल्या माणसांचा ठाव खरा सांगितला, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट मी वर्षानुवर्षे स्वतःच्या समर्थनासाठी वापरली. पण लुटारूंना त्या सत्यावर काडीचा हक्क नव्हता, आणि आबा तर स्वतःच्याच देहाविषयी विचारत होते. हा फरक मला फार उशिरा कळला.

तुमच्या व्यवसायालाही तो सहज उमगलेला नाही. अमेरिकेत १९६१ च्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर असे निदान रुग्णाला न सांगण्याकडे झुकलेले होते, तर १९७९ मध्ये ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे होते.

म्हणून त्या आजोबांजवळ शांतपणे बस आणि आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचार. ‘जे काय असेल ते मुलाला सांगा’ असे ते म्हणाले, तर तुझ्या गप्प राहण्यात मला काहीही गैर दिसत नाही. मात्र त्यांनी सरळ विचारले, तर त्यांना खोटे सांगू नकोस. त्यांच्या मुलाशीही आधी बोल. तो चिडेल, मीही चिडलो असतो; पण वडिलांना कोणाला भेटायचे राहिले आहे का, एवढे त्याला नक्की विचार.

तुझे बाबा